वेर्णा (गोवा): गच्चीवरच्या ब्लोअरची कंपनं कशी थांबवायची?

प्रश्न: गच्चीच्या स्लॅबवर बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, फॅन 900 आरपीएम (मिनिटाला फेरे). खाली 12 मिमी रबर पॅड आहेत, तरी खालच्या मजल्यापर्यंत हादरे जातात. बोल्ट दर महिन्याला सैल होतात. पॅड जाड करू का?

उत्तर 1: नको. 900 आरपीएम म्हणजे 15 हर्ट्झ, सेकंदाला 15 फेरे. माउंटची (यंत्राखालच्या लवचिक आधाराची) स्वतःची वारंवारता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, 5 हर्ट्झपर्यंत हवी. त्यासाठी वजनाखाली सुमारे 10 मिमी दबणारा माउंट लागतो. पॅड जेमतेम एक-दोन मिमी दबतो. स्प्रिंग माउंटच घ्या. स्लॅबही लवतो, म्हणून 20-25 मिमी दबणारे बरे. मोटर आणि फॅन एकाच कडक फ्रेमवर हवेत, नाहीतर बेल्टच्या ताणाने स्प्रिंगवर दोन्ही तिरके होतील. डक्टच्या (हवा नेणाऱ्या नळाच्या) तोंडाला कॅनव्हासचा जोड सैलसर ठेवा. ताणून बसवला तर कंपन डक्टमधून खाली उतरणारच.

उत्तर 2: स्प्रिंग मागवण्याआधी कंपन मोजा, ही कळकळीची विनंती. कंपनाचा जोर फॅनच्या आरपीएमइतक्याच वारंवारतेला असेल तर बहुधा पात्यांचं असंतुलन. पात्यांवर चिकटलेली धूळ खरवडून काढा, मग बॅलन्सिंग. सॉफ्ट फूटही (एखादा पाय नीट न टेकणं) तपासा: डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करा, पाय 0.05 मिमीपेक्षा जास्त उचलला तर स्टेनलेस शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला.

उत्तर 3: आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या लोखंडी शिम गंजून फुगतात. बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या, डबल नट लावा. स्प्रिंग वॉशरच्या भरवशावर राहू नका.