मदत हवी आहे: नऊ संगणकांचं ऑफिस, रोज सकाळी कुणाचं तरी नेट गायब

नमस्कार मंडळी,

मी ऑफिसात हिशेब बघतो. पण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" म्हणून नेटवर्कही माझ्याच गळ्यात पडलंय.

पुढच्या खोलीत नेटवाल्यांचा राउटर, त्याला आठ पोर्टचा स्विच (अनेक केबली एकत्र जोडायचा डबा). स्विचवर पाच संगणक आणि प्रिंटर. मागच्या खोलीतल्या चौघांना वायफाय नीट मिळत नव्हतं, म्हणून घरी पडून असलेला जुना राउटर आणून स्विचला जोडला. आधी केबल त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) लावली होती. नेट आलं, पण मागच्यांना प्रिंटर दिसेना. मग लॅन पोर्टला (ऑफिसातली यंत्रं जोडायच्या) लावली. आता प्रिंटर दिसतो, पण रोज सकाळी दोन-तीन जणांचं नेट बंद. गंमत म्हणजे कधी मागचे, कधी केबलवाले पुढचेही! रीस्टार्ट केलं की कधी चालतं, कधी नाही.

दुसरं, अकाउंटिंगचा डेटा माझ्याच संगणकावर शेअर केलाय. मी रजेवर गेलो की माझा संगणक चालू ठेवावा लागतो. सर्व्हर घ्यावा का?

प्रतिसाद
नेट बंद असलेल्या आणि चालू असलेल्या, दोन्ही संगणकांवर आयपीकॉन्फिग (संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आज्ञा) चालवा. काय दिसतं?

धागाकर्ता
चालू: १९२.१६८.१.१४, गेटवे (नेटकडे जायचा दरवाजा) १९२.१६८.१.१
बंद: १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१

प्रतिसाद
सापडला चोर. तुमच्या नेटवर्कवर दोन डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारे) आहेत, दोन्ही राउटरमध्ये एकेक. संगणक सुरू झाला की "मला पत्ता द्या" अशी हाक सगळ्या नेटवर्कभर मारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतो. जुना राउटर जिंकला की तो स्वतःलाच गेटवे म्हणून सांगतो, आणि त्याच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही. म्हणून नेट नाही. स्विच एकच, त्यामुळे पुढचेही सापडतात.

जुन्या राउटरला आधी १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या, मग त्याचा डीएचसीपी बंद करा. हाच क्रम ठेवा, नाहीतर त्याच्या सेटिंगच्या पानावर परत पोचताना घाम फुटेल. मुख्य राउटरने शेवटचा आकडा १०० पासून पुढे असलेलेच पत्ते वाटावेत, म्हणजे शेवटी २ असलेला पत्ता दुसऱ्या कुणाला जाणार नाही. केबल लॅनलाच राहू द्या. आणि मुख्य राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर त्याचा पत्ता बदलला की तो "ऑफलाइन" दिसायला लागेल.

दुसरा प्रतिसाद
डेटासाठी वेगळा, कायम चालू राहणारा संगणक ठेवा, यूपीएसवर. नऊ जणांना सर्व्हरवालं विंडोज लागत नाही. साध्या विंडोज १० किंवा ११ च्या शेअरला एका वेळी २० जोडण्या चालतात. मात्र अकाउंटिंगवाल्यांना वायफायवर ठेवू नका. मध्येच सिग्नल तुटला तर डेटाची फाइल बिघडू शकते, आणि मग बॅकअप कुठे आहे ते शोधत बसाल. आहे ना बॅकअप?

मोठी फाइल कॉपी करताना वेग किती मिळतो?

धागाकर्ता
बॅकअप पेन ड्राइव्हवर आहे, आठवण आली की घेतो. (हसू नका.) वेग सेकंदाला ११ एमबी.

दुसरा प्रतिसाद
हसलो नाही, घाबरलो. आजच रोजचा बॅकअप लावा, आणि त्याची एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा.
११ म्हणजे १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) जोडणी. स्विच १०/१०० चा असणार. गिगाबिटचा (दहापट वेगाचा) घ्या, सोळा पोर्टचा. तुमचे आठही भरलेत.

धागाकर्ता
चार दिवस झाले, नेट एकदाही गेलं नाही. सगळ्यांचे आभार! नवा स्विचही लावला. बाकीचे सगळे ११० च्या आसपास, एक संगणक मात्र अजून ११ वरच.

प्रतिसाद
त्याच्या केबलचं टोक नीट बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात.

धागाकर्ता
चारच लावल्यात! उरलेल्या चार मुळापासून छाटल्यात.