फुटलेल्या बरण्यांचं मोझॅक तुळशीवृंदावनावर करायचंय, सुरुवात कशी करू? (सांगली)

अंगणवेल, सांगली
नमस्कार. आमचं घर गावभागात. 2019 च्या पुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि आजीच्या लोणच्याच्या तीन बरण्या फुटल्या. वर तपकिरी, खाली दुधी, आपल्या नेहमीच्या चिनी मातीच्या. तुकडे टाकून द्यायला हात धजला नाही, धुऊन पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. आता अंगणातल्या तुळशीवृंदावनावर त्यांचं मोझॅक, म्हणजे तुकडे चिकटवून नक्षी, करायचं मनात आहे. दुकानात मोझॅक म्हटलं की फरश्याच दाखवतात. चिकटवायला फेविकॉल चालेल का? तुकडे कशानं तोडायचे? हे काम मी आधी कधीच केलेलं नाही.

ओळंबा, मिरज
ताई, आमच्या घरात फरशीची कामं वडिलांपासून चालत आलीत. दुकानदाराला "गच्चीवर करतात तसलं चायना मोझॅक" म्हणा, लगेच कळेल त्याला.

आता बरणीचं. ती जास्त आचेवर भाजलेली असते, त्यामुळं भिंतीच्या टाइलपेक्षा किती तरी टणक. हाताच्या पकडीनं तोडायला गेलात तर तुकडा भलतीकडंच उडेल. दुसरं म्हणजे बरणीला आतूनही चकाकी असते. टाइलची पाठ कोरडी, खरबरीत असते, ती सिमेंट धरून ठेवते. बरणीची पाठ गुळगुळीत, ती साधं सिमेंट धरत नाही, काही महिन्यांत तुकडा खळकन सुटून येतो. म्हणून प्रत्येक तुकड्याची पाठ घासून खरबरीत करायची आणि पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरायचं. ते गोणीत पावडर मिळतं, पाण्यात कालवायचं. मोठे तुकडे फरशीवाल्याकडून डायमंड ब्लेडनं, पाणी सोडत कापून घ्या. चार पैसे जातील, पण आजीची वस्तू वाया जाणार नाही.

पांढरा फेविकॉल वृंदावनाला अजिबात नको. रोज पाणी घालणार तुम्ही, तो ओलाव्यानं मऊ पडतो.

खापरी, सातारा
ओळंबादादांचं पटतं. अंगणवेलताई, मी सहा वर्षांपासून घरी हे करतेय, म्हणून कळकळीनं सांगते, डबा आत्ता उघडूच नका. आधी टाइलच्या तुकड्यांवर हात बसू द्या. टाइलच्या दुकानांमागं फुटक्या पेट्या पडलेल्या असतात, मागितल्या तर बरेच जण तशाच देतात. फक्त भिंतीच्या टाइल्स घ्या. व्हिट्रिफाइड फरशी सुरुवातीला तुटता तुटत नाही.

टाइल निपर नावाची पक्कड आणा. पकडीचं तोंड टाइलच्या कडेवर जेमतेम 3 मिमी ठेवायचं आणि दाबायचं. चीर आपोआप आत धावत जाते. नवखी माणसं तोंड अर्ध्या टाइलपर्यंत सारतात, मग चुरा होतो. मीही पहिली पेटी अशीच घालवली.

पहिलं काम म्हणून 1 फूट बाय 1 फुटाची पाटी करा. माझी पहिली पाटी एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डावर होती. पहिल्याच पावसाळ्यात गॅलरीत ती भाकरीसारखी फुगली, सगळी फुलं उखडली. तेव्हापासून बाहेरच्या कामाला मी सिमेंटचा बोर्डच वापरते.

तुकड्यांची जाडी कमी-जास्त असेल तर आपली खळ कामी येते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवायची. जाड कागदावर नक्षी उलटी काढायची आणि तुकडे चकाकीची बाजू खाली करून खळीनं चिकटवायचे. वाळल्यावर अख्खा कागद अ‍ॅडेसिव्हच्या थरावर पालथा दाबायचा. दुसऱ्या दिवशी कागद ओला केला की सुटतो आणि वरची पातळी एकसारखी मिळते. बरणीचे तुकडे मात्र गोलसर, त्यांना हे जमत नाही. ते लहान करून एकेक थेट लावावे लागतील.

फटी 2-3 मिमीच्या ठेवा. चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस थांबा, मग ग्राउट, म्हणजे फटी भरायचा सिमेंटचा लगदा. श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं आणि रबराच्या पात्यानं तिरकं ओढत फटीत दाबायचं. पंधरा-वीस मिनिटांत तोंड धरायला लागलं की स्पंज घट्ट पिळून हलक्या हातानं पुसा. स्पंज ओलागच्च असेल तर फटीतलं ग्राउटच बाहेर येतं. सुकल्यावर वर पांढुरकी साय दिसते, ती कोरड्या फडक्यानं जाते. दुधी आणि तपकिरीच्या मध्ये पांढरं ग्राउट फार उठून दिसेल. पांढऱ्या सिमेंटचं घरी करणार असाल तर त्यात चिमूटभर लाल ऑक्साइड मिसळून बघा, मातीसारखा रंग येतो. उरलेलं ग्राउट मोरीत ओतू नका, नळीत दगड होतो.

वाळवण, कराड
चष्मा घालूनच तोडा. माझ्या मुलाच्या डोळ्यात बारीक कण गेला होता, रात्रभर जागलो. आणि चुरा कोरडा झाडू नका, ती धूळ छातीला वाईट. ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

अंगणवेल, सांगली
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. टाइलची एक पेटी आणली, निपर मागवलाय. डबा बंदच आहे. वृंदावनाला ऑइलपेंट दिलेला आहे, त्यावरच लावता येईल का?

ओळंबा, मिरज
नाही ताई. रंग पूर्ण खरवडून काढा, नाहीतर सगळं रंगासकट सुटून येईल. मग छिन्नीनं पृष्ठभागावर बारीक बारीक खाचा पाडा, पाट्याला टाकी लावतात तशा. धूळ धुऊन टाका. तुळस तेवढे दिवस कुंडीत हलवा. काम दसऱ्यानंतर धरा, तोवर पाऊस सरलेला असतो. सुरुवात खालच्या कडेकडून करा, म्हणजे वरचा तुकडा खालच्यावर टेकतो, घसरत नाही. आणि पहिली पाटी झाली की फोटो टाका, फटी बघून सांगतो.