शायगर्ल 'पॉप' झाली म्हणे

कोणीतरी लिहिलंय की लंडनच्या रॅपर-गायिका शायगर्लने २०२२ च्या 'निम्फ' अल्बममध्ये क्लबमधलं नाचाचं संगीत सोडून पॉपची वाट धरली. अर्धंच पटलं. गाणी मऊ झाली, गायला लागली हे खरं, पण तो अल्बम २०२३ च्या मर्क्युरी प्राइझच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्काराच्या, अंतिम यादीत गेला (मिळालं एझ्रा कलेक्टिव्ह या जॅझ बँडला) आणि त्यानंतर २०२४ मध्ये ती आली ती 'क्लब शाय' घेऊन, अख्खा नाचायचा माल! ही पळवाट कसली?

आणि मुळात ती आधी गायिका नव्हतीच हे कोणी बोललंच नाही. मॉडेलिंग एजन्सीत नोकरी, बाजूला डीजेगिरी, मग सेगा बोडेगा आणि कूकू क्लोई या संगीतकारांबरोबर 'नक्स' हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल सुरू केलं, म्हणजे दार कोणी उघडेल म्हणून वाट बघत बसलीच नाही. २०२० च्या 'एलियास' या ईपीमधलं (छोट्या अल्बममधलं) 'स्लाइम' ऐका, त्यावर सोफी या संगीत निर्मातीचाही हात आहे. मी पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर लावलं तर नुसती खरखर वाटली, हेडफोन घातल्यावर खाली तो बेस लोळताना कळला आणि वर ही बाई जांभई देत धमकी द्यावी तशी रॅप करतेय. आवाज चढवतच नाही, तीच तर गंमत आहे.