सकाळी पहिल्या स्टार्टला ८०० निळा धूर सोडायलीय, मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन कर

जुनी_आठशे
नमस्कार मंडळी. वडिलांची २००३ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली इंजेक्शनवाली, चार गिअरवाली, एमएच १३ पासिंग, पंधरा वर्षं झाल्यावर दोनदा परत पासिंग करून घेतलीय, ग्रीन टॅक्स भरलाय, म्हणजे कागदानं गाडी एकदम ओके. ९४ हजार किमी झाल्यात. आता प्रॉब्लेम असा की दिवाळीपासून सकाळी सेल्फ मारला की मागनं भसकन धूर येतो, पंधरा-वीस सेकंद, मग गायब. नंतर दिवसभर काही नाही. आम्ही जुळे सोलापूरला राहतो, गल्ली बारीक, सायलेन्सरचं तोंड नेमकं शेजारच्या काकूंच्या धुण्याच्या दोरीकडं, त्यांनी परवा सरळ सांगितलं की गाडी उलटी लाव नाहीतर चादरी तू धू.
गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही, लांबूनच बघून म्हणाला पिस्टनच्या रिंग गेल्यात, हाफ इंजिन करावं लागतंय, म्हणजे हेड उतरवून रिंगा बदलायच्या, पंचवीस हजार धर. गाडीची किंमतच तेवढी येईना आता. पण वडील विकू देत नाहीत, दर गुरुवारी अक्कलकोटला त्याच गाडीनं जातात, दुसऱ्या गाडीत बसले की त्यांना म्हणे झोप येते. खरंच रिंगच असतील का? काय बघू आधी?

शेंगाचटणी
विकून टाक बे. भंगारात तरी वजनावर जाईल.

होटगी_रोड
धूर कसलाय ते नीट सांगा मालक, निळा म्हणालात पण सकाळच्या अंधारात सगळाच धूर निळा दिसतो. आता थंडी पडलीय, पहाटे १५ डिग्री असली की पांढरी वाफ सगळ्यांच्याच गाडीतनं येते. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागं जवळजवळ एक लिटर पाणी, ते गार सायलेन्सरमध्ये जमतं आणि सुरुवातीला वाफ होऊन, कधी थेंबानं बाहेर पडतं. त्याला घाबरायचं नाही. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरबी चालू राहिला, गोडसर वास यायला लागला, पाण्याच्या बाटलीतलं कूलंट कमी व्हायला लागलं तर मात्र हेड गॅस्केटकडं, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडं बघावं लागतंय. ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला दह्यावाणी पिवळट साय धरलीय का तेबी बघा, पण रोज दोन-तीन किमीच गाडी फिरवत असाल तर थंडीत थोडी साय अशीच धरते, तेवढ्यावरनं हेड खोलायला जाऊ नका.
काळा धूर असला तर पेट्रोल जास्त जायलंय. आधी एअर फिल्टर बघा, आपल्याकडच्या धुळीनं तो तुंबणार नाहीतर दुसरं काय होणार. नंतर कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. तो बिघडला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच हाय, आणि तो पेट्रोल ओततच राहतो.
एक सोपं काम करा. उद्या स्टार्ट करताना सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब पांढरा कागद धरायचा. पाण्याचा डाग वाळून जातो, काजळी बोटाला लागते, आणि ऑइलचा डाग भज्याच्या कागदासारखा तेलकट राहतो.

जुनी_आठशे
केलं आज. भज्याचा कागद. म्हणजे ऑइलच. कूलंट जाग्यावर आहे, साय नाही. वासपण जळक्या तेलाचाच येतो, वडापावच्या गाड्यावर कढईत तेच तेल तिसऱ्या दिवशी असतं तसला.
आणखी एक आठवलं म्हणून सांगतो. गड्ड्याच्या जत्रेला गेलतो तेव्हा होम मैदानाजवळ गाडी तीन तास उभी होती, परत स्टार्ट केली तर थोडा धूर आला, सकाळच्या निम्मा. पण पंपावर दहा मिनिटं बंद करून परत चालू केली तर अजिबात नाही. ह्याचा काय संबंध असतो का?

लेथवाला_काका
संबंध असतो म्हणजे, तुम्ही स्वतःच निदान करून ठेवलंय की. मी अशोक चौकाच्या बाजूला बरीच वर्षं हेडचं काम केलंय, आता डोळ्यानं होत नाही म्हणून बंद केलं, पण ऐका.
इंजिनच्या डोक्यावर वॉल्व्ह असतात, त्यांच्या दांडीभोवती टोपीसारखं रबरी सील असतं, बोटाच्या पेरापेक्षा लहान. वरती रॉकर, कॅम सगळं ऑइलमध्ये न्हालेलं असतं, ते ऑइल दांडीवरून खाली उतरू नये एवढंच त्या सीलचं काम. वीस वर्षात रबर कडक होतं, दांडीला धरत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं ऑइल थेंब थेंब गाईडमधून, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून, खाली वॉल्व्हच्या पाठीवर आणि सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की तेवढं जळतं, भसकन धूर, संपलं की बंद. जेवढा वेळ उभी तेवढं जास्त ऑइल, म्हणून तीन तासाला निम्मा आणि दहा मिनिटाला काहीच नाही.
रिंग गेली असती तर गाडी असं वेळ बघून धूर सोडत नसती. रिंगवाली गाडी लोड आला की सोडते, चढावर, ओव्हरटेकला, पाय दाबला की मागं निळी शेपटी. आणि ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनवर बघितलं तर भकाभका वारं मारतं, त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. थोडी फुंकर सगळ्याच जुन्या इंजिनला असते, पण झाकण उलटं ठेवल्यावर ते नाचायला लागलं तर शंका घ्यायची. तिथंबी आधी पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतलं वारं बाहेर काढणारा छोटा वॉल्व्ह, काढून हलवून बघा, खुळखुळ वाजला पाहिजे. तो चिकटला की आतलं वारं कोंडतं आणि ऑइल नको तिथनं ढकलतं. शे-दोनशेच्या पार्टपायी लोकांनी इंजिन खोललेली बघितल्यात मी.

डिझेल_भक्त
माझ्या सुमोला पण सकाळी पांढरा धूर यायचा राव, डोळे झोंबायचे, सगळे म्हणाले पंप गेला नोझल गेले, शेवटी निघालं काय तर दोन हीटर प्लग मेलेले. डिझेल गार राहिलं की अर्धवट जळून पांढरं बाहेर पडतं. पण तुमची पेट्रोल आहे त्यामुळं याचा उपयोग नाही, असंच सांगितलं.

पुण्यात_सोलापुरी
सोलापूरच्या उन्हानं सील कडक होतात का हो काका? ४३-४४ डिग्रीत गाड्या दिवसभर तापतात आपल्याकडं. माझ्या भावाच्या झेनला पण सेम झालेलं.
आणि जाड ऑइल टाकून बघा, २०डब्ल्यू-५०, बऱ्याच जणांना फरक पडतो. बाटलीतलं धूर बंद करायचं औषध पण मिळतं.

लेथवाला_काका
उन्हाला कशाला बदनाम करता, चालू इंजिनमध्ये आतलं ऑइलच ९०-१०० डिग्रीला असतं, त्याच्यापुढं ४४ म्हणजे गारवा. सील वयानं आणि त्या आतल्या गरमीनं कडक होतं, वेळेवर न बदललेलं घाण ऑइल असेल तर अजून लवकर.
जाड ऑइलनं धूर कमी दिसतो हे खरं, घट्ट ऑइल सावकाश उतरतं म्हणून. पण तेच घट्ट ऑइल गार इंजिनमध्ये वर चढायलाबी वेळ लावतं. गाडी विकायची असेल तर लोक हाच उद्योग करतात. तुम्हाला ठेवायचीय ना? मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल टाका. औषधाबद्दल काय बोलू, कधी कधी रबर थोडं फुगतं आणि चार महिने बरं वाटतं, तेवढंच.

होटगी_रोड
काकांनी सगळं सांगितलंच, तरी खात्रीसाठी दोन टेस्ट करा, मिस्त्रीला तोंडावर दाखवता येतील.
पहिली फुकटची. तुळजापूरला जा. घाट चढताना मागच्या गाडीवाल्याला धूर बघायला सांगा, ती झाली रिंगची परीक्षा. येताना उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढून गाडी सोडायची, इंजिनच्या ब्रेकवर, न्यूट्रल करायची नाही कुणीबी सांगितलं तरी. थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरतंय म्हणजे आत व्हॅक्यूम लई, ते वरचं ऑइल गाईडमधनं खाली ओढतं. उतार संपला की पाय द्यायचा. त्याच क्षणी मागं निळा ढग आला तर सील नाहीतर गाईड.
दुसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते मोजायचं. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले आणि कॉइलचं कनेक्शन काढून, एकानं अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. गेज लावून तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहा. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती ते महत्त्वाचं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. आकडा चांगला वर उसळला तर रिंग ढिल्या, कारण ऑइलनं ती फट बुजवली. पहिल्यांदाच आकडा कमी होता आणि ऑइल टाकूनबी तिथंच राहिला तर वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट. आणि एक, सील खराब असलं तर कॉम्प्रेशनमध्ये काहीच दिसणार नाही. सीलचा आणि कॉम्प्रेशनचा संबंध नाही. त्यामुळं आकडे चांगले आले तर खूश व्हा, गोंधळून जाऊ नका.
गेज नसेल तर एमआयडीसीत विचारा, भाड्यानं देणारे आहेत.

शेंगाचटणी
तुळजापूरला चाललाच आहेस तर देवीलाच विचार रिंग का सील.

जुनी_आठशे
रविवारी जाऊन आलो. मेहुणा मागं बुलेटवर होता, त्याला फोनवर शूटिंग कर म्हणालतो, त्यानं अर्धा वेळ स्वतःचंच काढलंय पण कामाचं तेवढं आलंय. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय, चार माणसं बसलेली, एसी नाहीच्चे गाडीला, तरी धूर शून्य. उतरल्यावर खाली सपाटीला पाय दिला आणि ढग. मेहुणा म्हणतो मला वाटलं गाडी पेटली.
कॉम्प्रेशन काल केलं. कोरडे आकडे १५५, १५०, १५५. ऑइल टाकून १६५, १६०, १६०. झाकणावर बॅक कॉम्प्रेशन नाही, पीसीव्ही खुळखुळतोय. मागच्या हजार किमीत ऑइल किती कमी झालं तर डिपस्टिकवर अंदाजे अर्ध्या लिटरच्या आत. हे सगळं कागदावर लिहून गॅरेजला नेलं तर तो म्हणाला कागदावर गाडी चालत नसते. दुसरा मिस्त्री बघायलोय.
काका, सील बदलायला हेड खाली काढावंच लागतं का?

लेथवाला_काका
आकडे बघून जीव थंड झाला. तीन सिलिंडर, सहा वॉल्व्ह, म्हणजे सहाच सीलं, हेड न उतरवता होतं. अडचण एकच, स्प्रिंग काढली की वॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडू शकतो, मग हेड काढायचं टाळायला गेलात आणि हेडच काढायची वेळ. त्याला दोन उपाय. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह दाबून धरायचा, किंवा जुन्या मिस्त्र्यांची दोरीची पद्धत. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची, दोन-तीन हात, शेवट बाहेर राहू द्यायचा, आणि क्रँकचा नट हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीची गुंडाळी वॉल्व्हला खालून आधार देते. कॉम्प्रेशन स्ट्रोकवरच करायचं, दोन्ही वॉल्व्ह बंद पाहिजेत. रॉकर शाफ्ट आधी काढून ठेवायचा, मग स्प्रिंग दाबून ती धरून ठेवणारे बारीक लॉक चुंबकानं उचलायचे. एक जरी लॉक ऑइलच्या भोकात पडला तर दिवस गेला, म्हणून आजूबाजूची भोकं कापडानं बुजवा.
स्प्रिंग निघाली की वॉल्व्हची दांडी बाजूला हलवून बघायला विसरू नका. डुगडुगत असेल तर गाईड झिजलंय, नवं सील त्याच्यावर वर्षभर पण टिकायचं नाही, तेव्हा मात्र हेड खाली.

पुण्यात_सोलापुरी
समजा एवढ्याशा धुराकडं दुर्लक्ष केलं तर? ऑइल टॉपअप करत चालवली तर काय बिघडतं?

होटगी_रोड
चालते की, वर्षानुवर्षं चालते. फक्त प्लग काळे पडतात, पीयूसीला कटकट होते, सायलेन्सरमधला कॅटलिटिक कन्व्हर्टर ऑइलच्या राखेनं हळूहळू खराब होतो. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस डिपस्टिक बघायची विसरतो. ह्या इंजिनमध्ये ऑइल अडीच-तीन लिटरच असतं, त्यातलं लिटरभर गेलं तर काय राहिलं?

जुनी_आठशे
झालं काम. मिस्त्री मिळाला विजापूर रोडला, साठीचा माणूस, दोरी म्हटल्यावर हसला, म्हणाला कुणी सांगितलं तुला हे. साडेतीन तास लागले. सीलचा सेट, रॉकर कव्हरचं गॅस्केट, मजुरी धरून तीन हजारांच्या आत बसलं. गाईड ठीक आहेत, मी स्वतः हलवून बघितली. जुनी सीलं घरी आणलीत, वडिलांच्या हातात दिली तर एक नखानं दाबल्यावर कटकन मोडलं, वाळलेल्या खारकेसारखं. त्यांनी ते कागदात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय, कशाला ते विचारलं नाही.
पहिले दोन दिवस धूर आलाच, मी घाबरलो, पण मिस्त्री म्हणाला सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळायलंय, हायवेला अर्धा तास पळव. गुरुवारी अक्कलकोटला जाऊन आलो, शुक्रवारी सकाळी कागद धरला, नुसतं पाणी.
आता गाडी थांबवली की बॉनेटमधनं थोडा जळका वास येतोय, मागनं नाही, पुढनं. धूर नाही. हे काय नवीन?

लेथवाला_काका
रॉकर कव्हरचं गॅस्केट नीट बसलं नसणार, ऑइल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडतंय. कव्हरचे नट मापात घट्ट करून बघा, जोर लावू नका, पत्र्याचं कव्हर वाकतं. दोरी कसली वापरली त्यानं?

जुनी_आठशे
नायलॉनची, विणलेली. मी सुतळी नेलती, त्यानं लांब फेकून दिली, म्हणाला तिची कुसळं आत राहतात. नट उद्या बघतो.

शेंगाचटणी
काकूंच्या चादरींचं काय झालं?

जुनी_आठशे
एक नवीन घेऊन दिली बे, त्याशिवाय दोरी हलवत नव्हत्या.