मिरचीचा रंग सुटत नाही (सुपरक्रिटिकल सीओटू) – मदत हवी आहे

मिरचीवाला_नंदुरबार: मंडळी, तातडीने सांगा. सीओटूच्या (दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड) युनिटवर मिरचीचं ओलिओरेझिन, म्हणजे तिखट आणि रंगाचा घट्ट अर्क, काढतोय. तिखट येतं, रंग येतच नाही. चार तास चालवून भांडं उघडलं की ठसका लागतो, पण चोथा तसाच लालभडक. आठवडा वाया गेला. काय चुकतंय?

जुना_केमिस्ट: दाब किती? तापमान किती? पूड केली की तुकडे? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

तापीकाठ: हेक्झेन सॉल्व्हंट वापरा भाऊ. रंग, तिखट सगळं एकदम निघतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

मिरचीवाला_नंदुरबार: दादा, मालात हेक्झेनचा अंश नको म्हणून तर हे घेतलं. पूड आहे. 120 बार, 60 अंश. गरम केलं की जास्त विरघळेल म्हणून तापमान वाढवलं.

जुना_केमिस्ट: तिथंच घोळ झाला. सीओटू 31 अंश आणि 74 बारच्या पुढे सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे धड वायूही नाही, धड द्रवही नाही, पण त्याची ताकद घनतेत असते. 120 बारला 40 अंशांवर लिटरमागे साधारण 720 ग्रॅम भरतो, 60 अंशांवर जेमतेम 430. तिखटाचं कॅप्सेसिन तेवढ्यातही येतं. रंगाचे कॅरोटिनॉइड जड, त्यांना 300 बारच्या आसपास जावं लागतं.

प्रयोगशाळा_जळगाव: तापमान वाढवणं सरसकट चूक नाही. 400 बारला शेंगदाणा तेल उलट जास्त निघतं, मी स्वतः काढलंय.

जुना_केमिस्ट: 400 ला, मान्य. त्यांचं यंत्र 120 वर चाललंय!

शहादेकर: भाऊ, आज वली मिरचीना भाव काय शे?

प्रयोगशाळा_जळगाव: भाव बाजार समितीत विचारा. मिरचीवाले भाऊ, माल वाळवणाच्या पथारीवरून थेट आणला का? देठ काडकन मोडतो की वाकतो?

मिरचीवाला_नंदुरबार: वाकतो. दोन दिवस ढगाळ होतं.

प्रयोगशाळा_जळगाव: मग पूड गोळा होत असणार, सीओटू फटीतून निघून जातो. आधी नीट वाळवा. अगदी पीठही करू नका, रव्यासारखी ठेवा.

मिरचीवाला_नंदुरबार: भांड्यावरची प्लेट पाहिली, भांडं 350 बारचं आहे. विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. 150 ला तिखट काढून घेतलं, मग 320 ला रंग, असं जमेल का?

जुना_केमिस्ट: जमेल, तीच रीत. पण पंप आणि पाइप तेवढ्याचे आहेत का, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला सुटतो, हे पाहिल्याशिवाय दाब चढवू नका. सोडतानाही हळू; व्हॉल्व्हमध्ये कोरडा बर्फ धरतो.

तापीकाठ: हेक्झेन स्वस्त पडतं, एवढंच म्हणतो.

मिरचीवाला_नंदुरबार: बर्फ परवाच धरला होता, व्हॉल्व्ह पांढरा पडला होता. मिरची पुन्हा पथारीवर टाकलीय. देठ मोडायला लागला की घाणा लावतो आणि रंगाचा फोटो टाकतो.