पालापाचोळा आणि रद्दी एकत्र करून इथेनॉल: किण्वन मध्येच का थांबते?

प्रश्न
वाळलेली पाने, गवत आणि रद्दी कागद यांच्या मिश्रणापासून इथेनॉल तयार करण्याचा प्रयोग मी प्रयोगशाळेत दोनदा केला. सर्व बारीक करून भिजवले, विरल सल्फ्युरिक आम्ल घालून तासभर उकळले, मग सामू ५ वर आणून यीस्ट टाकले. आम्ल पडताच लगदा फसफसून पांढरा फेस भांड्याच्या काठापर्यंत चढला आणि सामू पाहता पाहता ६ च्या वर गेला. यीस्टचे बुडबुडे मात्र काही तासांतच थांबले. चूक नेमकी कोठे झाली?

उत्तर १
तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. छपाईच्या पांढऱ्या कागदात भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते. ते तुमचे आम्ल खाऊन टाकते आणि तळाशी जिप्सम साचते. पानांच्या वाट्याला आम्ल उरलेच नाही.

उत्तर २
वरील निदान योग्य आहे, पण मूळ अडचण निराळी आहे. यीस्टला सेल्युलोज (पाने व कागद ज्याचे बनलेले असतात ते तंतुमय द्रव्य) पचवता येत नाही, आणि १०० अंशांवरील विरल आम्लाने ते फारसे तुटतही नाही. जी थोडी साखर सुटली ती मुख्यतः हेमिसेल्युलोजची (सेल्युलोजच्या जोडीला असणाऱ्या, सहज तुटणाऱ्या द्रव्याची), म्हणजे बरीचशी झायलोज, जिचे किण्वन नेहमीचे यीस्ट करत नाही. सेल्युलोजचे ग्लुकोज करण्यासाठी सेल्युलेज हे विकर (एन्झाइम) लागते. ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ या बुरशीपासून मिळणारे हे विकर सुमारे ५० अंश तापमान आणि ५ च्या आसपासचा सामू असताना उत्तम काम करते.

माझे आग्रहाचे सांगणे असे, की कागद आणि पाने सुरुवातीला वेगळी ठेवावीत. पांढऱ्या कागदातील लिग्निन (सेल्युलोजला वेढून विकराला अडवणारा चिवट पदार्थ) कारखान्यातच बहुतांशी निघून गेलेले असते, त्यामुळे भरणापुरते आम्ल घालून सामू स्थिरावला की त्यावर थेट विकर चालते. वर्तमानपत्राचा कागद मात्र यात धरू नये, कारण त्यात लिग्निन तसेच राहिलेले असते. पानांना व गवताला दाबाखाली १६० ते २०० अंशांची पूर्वप्रक्रिया हवी. तीही बेतानेच करावी, कारण अति तापवल्यास साखरेपासून फरफ्युरल तयार होते आणि ते यीस्टला मारक ठरते.

प्रश्नकर्ता
कागद वेगळा घेऊन पाहिला, पण लगदा इतका घट्ट झाला की ढवळणीच फिरेना. पाणी वाढवावे का?

उत्तर २
वाढवू नये. एक किलो शुद्ध सेल्युलोजपासून हिशेबाने फार तर ०.७२ लिटर इथेनॉल मिळते. ते भरपूर पाण्यात पसरले तर ऊर्ध्वपातनाची उष्णता परवडत नाही, म्हणून किण्वनाअखेर निदान ४ टक्के इथेनॉल असावे असे पाहतात. थोडा लगदा आणि सगळे विकर आधी घाला. काही तासांत तो पातळ पेजेसारखा वाहू लागला, की पुढचा हप्ता टाका.