पॅलासाइटमधलं लोखंड आणि खडे वेगळे का नाही झाले?

खडेमीठ: भाचीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये इमिलॅकची चकती बघितली, चिलीच्या अटाकामा वाळवंटातली पॅलासाइट जातीची उल्का. चकचकीत लोखंड आणि त्यात मधाच्या रंगाचे खडे, मागून उजेड सोडला की झगमगतात, अगदी दाण्याची चिक्की! लघुग्रहाचा लोखंडी गाभा आणि वरचं मॅन्टल (गाभा आणि कवचाच्या मधला दगडी थर) जिथं टेकतं तिथं हे बनलं असं वाचलंय. पण लोखंड खड्यांच्या दुपटीहून जड, मग ते खाली आणि खडे वर असं का नाही झालं? आमटीवर तर्री सुद्धा पाच मिनिटात येते.

धूमकेतू: चिक्कीच म्हणा, कारण दाणे वितळलेले नव्हतेच, पाक तेवढा पातळ होता. लोखंडात गंधक असलं की ते हजार अंशाच्या आसपास वितळायला लागतं, खडे म्हणजे ऑलिव्हिन, त्याला दीड हजाराच्या वर लागतं. उष्णता किरणोत्सारी अॅल्युमिनियम-२६ ची, त्याचं अर्धायुष्य जेमतेम ७ लाख वर्षं, त्यामुळे सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीलाच सगळं शिजून निवायला लागलं. तरी वेगळं व्हायला वेळ भरपूर होता, शंका रास्त आहे.

निवांत: इमिलॅकच्या खड्यांच्या कडा बघितल्यात का? टोकदार आहेत, फुटल्यासारख्या. गरम धातूत फार काळ राहिले असते तर कान्सासच्या ब्रेनहॅम पॅलासाइटमधल्या खड्यांसारखे गोल झाले असते. म्हणजे मॅन्टल फुटलं, फटीत धातू घुसला आणि लगेच थिजला. आणि २०१२ मध्ये इमिलॅक आणि एस्क्वेल (अशीच दुसरी पॅलासाइट) यांच्या खड्यांमधल्या बारीक धातूकणांत जुन्या चुंबकीय क्षेत्राची खूण सापडली, आणि ती धातू निवला तरच टिकते!! म्हणजे हे खडे काहीशे अंशापर्यंत निवले तरी त्या लघुग्रहाचा गाभा अजून पातळ होता, ढवळत होता, त्या ढवळण्यातूनच ते क्षेत्र आलं. गाभ्याला चिकटून असते तर एवढे थंड कसे झाले असते? सीमेची गोष्ट तिथंच लंगडी पडते.

खडेमीठ: मग धातू वर आणला कुणी?

निवांत: भांडण त्यावरच आहे. काही म्हणतात दुसरा लघुग्रह येऊन आदळला आणि त्याच्या गाभ्याचं लोखंड आत घुसलं, काही म्हणतात स्वतःच्याच गाभ्यातून भेगांतून वर आलं. मला धडक जास्त पटते.

धूमकेतू: मेसोसिडेराइटला, म्हणजे लोखंड-दगडाच्या दुसऱ्या जातीच्या उल्केला, मात्र हे लावू नका हां. त्यात लोखंडासोबत बसाल्टचा चुरा असतो, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचा, म्हणजे वरचं कवच. गाभ्यातलं लोखंड आहे, कवच आहे, आणि मधलं मॅन्टल जवळपास गायब! ते कुठं गेलं यावर वेगळा धागा काढा.